तिसरं ताट

३ फेब्रुवारी, सोमवार
ताट १.
मंडईतून मटार आणले. पाव किलो मागितले की भाजीवाली माझ्याकडे बघते, म्हणून अर्धा किलो घेतले. आता दोन दिवस मटारच.
दु. ४ वा. शुभाचा फोन. उद्या दोघं जेवायला येणार. "ताई, एक काम आहे. फोनवर नको." धाकटी बहीण साठीला टेकली, तरी काम असलं की आवाज अजून परकर-पोलक्यातला.

४ फेब्रुवारी, मंगळवार
ताटं ३.
मटार उसळ, पोळ्या, कोशिंबीर. अनिलरावांनी नेहमीसारखा शुभाच्या ताटातला कढीपत्ता एकेक पान निवडून आपल्या ताटात घेतला. तिला तोंडात आलेला आवडत नाही म्हणून. चौतीस वर्षं हे चाललंय. ती बोलत असते, ते निवडत असतात, ती बघतसुद्धा नाही. मी बघते.
काम असं. अनिलराव कॅनडाचे नागरिक. हिने पासपोर्ट इथलाच ठेवला, तिथे कायमचं राहायचा परवाना तेवढा घेतला. त्या कार्डाची मुदत गेल्या महिन्यात संपली. मुक्ता, म्हणजे त्यांची मुलगी, तिथेच असते. तिचं बाळंतपण मार्चअखेर. शुभाला जायचं तर परवाना टिकलाय हे दाखवायला हवं, म्हणजे गेल्या पाच वर्षांत मिळून दोन वर्षं तरी तिथे राहिलेली हवी.
ही तर पाचही वर्षं पुण्यात. आधी विश्रांतवाडीला सासूबाईंचं अंथरूण सांभाळलं, तेव्हा अनिलराव तिकडे नोकरीत. सासूबाई गेल्या, मग ते निवृत्त होऊन आले. त्याला दोन वर्षं नि वर महिना.
"मग संपलंच की," मी म्हटलं.
"नाही ना ताई. बेसिकली, नवरा नागरिक असेल आणि बायको त्याच्याबरोबर राहत असेल, तर बाहेरचे दिवसही तिथलेच धरतात."
म्हणजे विश्रांतवाडीत नवऱ्याशेजारी बसून मालिका बघितल्या, तरी ती कॅनडात राहिल्यासारखीच.
"तुझं एक पत्र लागेल," शुभा म्हणाली. "मी तुझ्याकडे राहिले होते ना, त्याबद्दल." मी उठले. पाण्याचा तांब्या भरून आणला.

५ फेब्रुवारी, बुधवार
ताट १. मटार.
मी ह्यांच्याबरोबर एकेचाळीस वर्षं राहिले. एक दिवस वेगळी राहिले असेन तर बाळंतपणाला, आणि ते मूलही राहिलं नाही. ते दिवस कुठल्या सरकारने धरले? हिने नुसतं नवऱ्याबरोबर राहायचं आणि दिवस आपले साठत जाणार, दुधावर साय धरावी तसे.
हे लिहिताना बरं वाटलं नाही. खोडणार नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार
ताट १.
सकाळी त्या दोघांबरोबर डेक्कनला, परदेशचे कागद करून देणाऱ्या ऑफिसात. टेबलामागे एक मुलगी, पंचविशीची, कपाळाला टिकली नाही, बोलायला मात्र गोड. मला "मावशी" म्हणाली.
तिने हिशेब मांडला. अनिलराव आल्यापासूनचे दिवस दोन वर्षांच्या वर जातात. "पण सर, यात मॅडम पाच महिने बहिणीकडे होत्या. तेव्हा तुम्ही दोघं एकत्र होतात का? ते विचारतील. तेवढे काढले तर कमी पडतात."
"एकाच गावात होतो हो," अनिलराव म्हणाले.
"गाव नाही, घर."
शुभाने फोटोंची पिशवी उलटी केली. लग्नं, मुंजी, कुणाची तरी पंच्याहत्तरी. दोघं सगळीकडे खांद्याला खांदा. आमच्या दोघांचे एकत्र फोटो तीन, त्यातल्या दोनात ह्यांचे डोळे मिटलेले.
"रोजचं काही नाही का?" मुलीने विचारलं.
"आमच्या ताईची वही आहे. रोज घरात किती ताटं झाली ते लिहिते ती. वरच्या ओळीत."
मी टेबलाखालून तिला पाय मारला. तो अनिलरावांना लागला.
"तारखेसकट?" मुलीचे डोळे मोठे झाले.
"वारासकट," शुभा म्हणाली.

९ फेब्रुवारी, रविवार
ताट १.
माळ्यावरून जुनी वही उतरवली नाही. पाठ दुखते असं फोनवर सांगितलं. दुखत नव्हती.
ही वही नि मागच्या सगळ्या ह्यांनीच बांधलेल्या. ह्यांच्या बाइंडिंगच्या दुकानात उरलेला कागद, सुताची शिवण, काळी कापडी पाठ. मी सातवीपर्यंत शिकले. पुढचं सगळं दुकानातल्या फर्म्यांवर वाचलं, सोळा-सोळा पानांचे सुटे गठ्ठे, त्यामुळे कित्येक पुस्तकांचा शेवट मला आधी ठाऊक असायचा. हे म्हणायचे, "तू वाचून घे, मग शिवतो." गिऱ्हाईक खोळंबायचं.
ताटं लिहायची सवय सासूबाईंची. त्या भिंतीवर कोळशाने रेघा मारायच्या, किती जण जेवून गेले त्याच्या. मी वहीत आणली. आकडा लिहिला की दिवस बंद.

११ फेब्रुवारी, मंगळवार
ताट १.
काढली वही. सकाळपासून वाचत बसले, दूध उतू गेलं.
सोळा महिन्यांपूर्वी, ऑक्टोबरच्या आठ तारखेला शुभा आली. ह्यांना दवाखान्यातून घरी सोडलं त्या दिवशी. माझ्या डोक्यात इतके दिवस असं बसलेलं, की अनिलराव अधूनमधून यायचे, पेपर वाचायचे, जायचे. वहीत तसं नाही.
"१० ऑक्टो. ताटं ४. ह्यांना पेज. अ.रावांनी आंघोळ घातली."
"१७ ऑक्टो. ताटं ४. अ.राव बाहेरच्या खाटेवर झोपतात. घोरतात."
"२ नोव्हें. ताटं ४. अ.रावांनी उचलून गॅलरीत नेलं. हे म्हणाले, रहदारी फार वाढली. हसलो."
रोज चार. एकही दिवस चुकलेला नाही. ह्यांची दाढी अनिलराव करायचे, हेही माझ्याच अक्षरात आहे. मी ते सगळं विसरले होते. विसरले नव्हते, त्यांच्या नावावर ठेवलं नव्हतं.
१७ नोव्हेंबरला आकडाच नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार
ताट १.
पुढचं आज वाचलं.
तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. वहीत नाही, पण मला स्वच्छ आठवते. सकाळी अनिलराव खाटेवर बनियनवर बसून पेपर वाचत होते. आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, "शुभा, चहा देतेस का गं?" एवढंच. त्या घरात बायकोकडे चहा मागणारा तो एकच आवाज आता उरला होता, आणि तो ह्यांचा नव्हता.
मी बाहेर आले. म्हटलं, "अनिलराव, तुम्ही आता घरी जा. इथे तुमचं काही काम उरलं नाही. शुभाला राहू दे."
ते चहा न घेता गेले. दाढीचं सामान विसरले, ते शुभाने नंतर नेऊन दिलं. त्यानंतर रविवारी यायचे, अर्धा तास बसून जायचे. जेवायला थांबा असं मी एकदाही म्हटलं नाही.
शुभा १५ मार्चपर्यंत राहिली. साडेतीन महिने. आता जे कमी पडतायत ते हेच.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
ताट १.
लायब्ररीत गेले, पुस्तक न बदलताच आले.
त्या साडेतीन महिन्यांत वहीत रोज काय आहे? ताटं ३. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. तीन, तीन, तीन.
ते मी कुणाला सांगितलं नाही, वहीलाही नाही. घरात दोघी आणि ताटं तीन. तिसरं मी खिडकीशी मांडायची, ह्यांच्या जागी. मीठ, लिंबू, भाजी, दोन पोळ्या, सगळं. शुभाने पहिल्या दिवशी बघितलं आणि पाण्याचं भांडं त्या ताटाच्या उजवीकडे ठेवलं, बस. सकाळी त्या पोळ्या ती चहाबरोबर खायची. मला त्या टाकाव्या लागू नयेत म्हणून.
ती गेली त्या दिवशी ताटं २ आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांचं ताट तसंच पडलेलं होतं, खायला कुणी नव्हतं. तेव्हापासून १.

१६ फेब्रुवारी, रविवार
ताट १.
अनिलराव एकटेच आले. फोन न करता. वही टेबलावरच होती, विचारून चाळली. बाहेरच्या खाटेवर बसून. घोरण्याचं वाचून हसले.
मग डिसेंबर आला. चष्मा सारखा केला.
"ताई, इथे तर तीनच आहेत सगळीकडे."
"हो."
"मग प्रश्नच मिटला. तुम्ही, शुभा आणि मी. तुम्हाला काही खोटं लिहायला नको. नुसती वही द्या. आकडा बघून ते समजायचं ते समजतील."
"तिसरं ताट तुमचं नव्हतं."
"ते मला माहितेय हो. मी घरी वरणभात शिजवून खात होतो. पण कुणाचं तरी असेलच ना? कोण यायचं?"
मी चहाला उठले. आधण ठेवलं, साखर दोनदा घातली. परत आले तर ते खिडकीशी उभे होते, ह्यांच्या जागेजवळ, बाजूला सरकून. चष्मा हातात.
"राहू द्या ताई," म्हणाले. "वही नको."
चहा गोड झाला होता, तरी पूर्ण प्यायले.
ते गेल्यावर मला वाईट वाटायला हवं होतं. राग आला. त्यांना कळलं याचा. ते माझं आणि शुभाचं होतं. तिचं सगळंच का त्यांच्या वाट्याला जावं?

१८ फेब्रुवारी, मंगळवार
ताट १.
मनात आलेलं लिहून ठेवते, कारण ही वही माझी आहे. शुभाला कागद मिळू नये असं मला वाटतं.
कागद नाही मिळाला तर अनिलराव मुक्ताकडे एकटे जातील. कुणीतरी जायलाच हवं. शुभा विश्रांतवाडीला एकटी कशी राहील? इकडे येईल. असा विचार करत होते, आणि बघते तर तांदूळ दोन वाट्या धुतले होते.

२० फेब्रुवारी, गुरुवार
ताटं २.
शुभा आली. भांडायला, पण येताना बाकरवडी घेऊन.
"यांना काय सांगितलंस? रविवारपासून गप्प आहेत. वहीचं नाव काढलं तर म्हणतात, तो विषय बंद."
"काही नाही सांगितलं. त्यांनी ओळखलं."
ती जरा वेळ बाकरवडीचं पुडकं सोडत बसली.
"थांब की अडीच-तीन महिने," मी म्हटलं. "दिवस भरतील, मग जा."
"आणि मुक्ता थांबेल? तिचे दिवस भरत आलेत, ताई. आणि हे एकटे पुढे गेले, तर त्या दिवसापासून माझे दिवस धरायचे थांबतात. नवऱ्याबरोबर असेन तरच धरतात, सांगितलं ना तुला."
"मग परवाना सोड. पाहुणी म्हणून जा."
"स्वतःच्या मुलीकडे पाहुणी? आणि उद्या हे तिकडेच राहतो म्हणाले, तर मी इथून हात हलवू?"
मी म्हटलं, "मला बाई ठाऊक नाही तुमचं. माझा नवरा जिथे असतो तिथला परवाना मला अजून आला नाही."
बोलून गेले. शुभा रडेल असं वाटलं. ती भडकली.
"तू दर वेळी हेच काढ. मी काय मुद्दाम जिवंत ठेवलाय माझा? तू यांना घरी घालवलंस तेव्हा मी आत कणीक मळत होते. सगळं ऐकलं. मी निघू शकत होते ना त्यांच्यामागे? बसने पाऊण तास. नाही गेले. तू ते ताट मांडत होतीस म्हणून नाही गेले."
नंतर दोघी जेवलो. खिडकीकडे कुणी बघितलं नाही. जाताना म्हणाली, "पत्र लिही, नाहीतर नको लिहू. पण ते ताट यांचं म्हणून लिहू नकोस. मला नाही चालणार."
मला वाटलं होतं ती ताट मागायला आलीये.

२२ फेब्रुवारी, शनिवार
ताट १.
पत्र लिहायला बसले. चार वेळा फाडलं.
पहिल्यात फक्त शुभा माझ्याकडे होती एवढंच. वाचलं तर ती नवऱ्याला सोडून आल्यासारखं वाटतं. दुसऱ्यात अनिलराव किती चांगले ते लिहिलं, आणि माझा हात मधेच थांबला. तिसऱ्यात चुका. चौथ्यात "तीन ताटे होत असत" असं लिहून थांबले. खोटं एक अक्षर नाही त्यात. तेवढ्यावर पत्र संपवलं असतं तर शुभा विमानात बसली असती बहुतेक.
ह्यांचं ताट मी अनिलरावांना देणार नाही. त्यांनी ह्यांना आंघोळ घातली, उचललं, दाढी केली. त्याचं देणं माझ्याकडे आहे, आणि ते दुसऱ्या कशाने तरी द्यावं लागेल.

२३ फेब्रुवारी, रविवार
ताट १.
झालं पत्र. इथे उतरवून ठेवते.
"माझी बहीण शुभा माझे पती आजारी असताना व त्यांच्या मृत्यूनंतर माझ्याकडे राहिली. पतींच्या मृत्यूपर्यंत व पुढे तेराव्यापर्यंत तिचे यजमानही माझ्या घरी राहून माझ्या पतींची सेवा करत होते. माझ्या वहीत तशी नोंद आहे. त्यानंतर मी त्यांना घरी जाण्यास सांगितले. मला त्या वेळी कुणाचेही यजमान समोर दिसलेले सहन होत नव्हते. त्या दोघांत कोणतेही भांडण नव्हते. त्यांचे घर एकच होते व आहे. साडेतीन महिने ते दोन ठिकाणी राहिले ते माझ्यामुळे. त्या दिवसांत वहीत तीन ताटे लिहिली आहेत, त्यातले तिसरे माझ्या मृत पतींचे आहे. कोणी गैरसमज करून घेऊ नये."
खाली सही. तारीख. वार.
ह्यांनी वाचलं असतं तर म्हणाले असते, शेवटची ओळ जरा तिखट झाली.

२६ फेब्रुवारी, बुधवार
महाशिवरात्र. ताट नाही, उपास.
ऑफिसात गेलो तिघं. त्या मुलीला ते इंग्रजीत करायचं होतं. ती मोठ्याने वाचत वाचत टाइप करत होती. "यजमान समोर दिसलेले सहन होत नव्हते" पाशी अनिलरावांनी बाहेर जाऊन फोन आल्यासारखं केलं. फोन वाजला नव्हता.
ताटाच्या ओळीपाशी मुलगी थांबली.
"मावशी, हे ठेवायचं? नसतं ठेवलं तरी चालेल."
"ठेवा."
"म्हणजे... आकडा आपल्या बाजूचा आहे, आणि आपणच सांगतोय की—"
"हो. ठेवा."
तिने शुभाकडे बघितलं. शुभा म्हणाली, "ताई सांगते तसं."
मग विचारलं तिने, याने काम होईल का. मुलगी म्हणाली, सांगता येत नाही. थोड्या दिवसांचं, अडचणीपायी झालेलं वेगळं राहणं काही जण समजून घेतात, काही जण दिवस कापतात. कोणाच्या टेबलावर जातं त्यावर आहे.
पायऱ्या उतरताना अनिलरावांनी माझा हात धरला. जिना मोडका नव्हता. धरू दिला.

२ मार्च, रविवार
ताट १.
अनिलरावांनी तिकीट पुढे ढकललं. मुक्ता फोनवर चिडली म्हणे, "बाबा, तुम्ही तरी या." अनिलराव म्हणाले, आईचे दिवस थांबतील, येईन तर दोघं. शुभा मला हे सांगताना आवाज चोरून घेत होती, पण सुख लपत नाही आवाजात. मी तर तिचा आवाज पाळण्यापासून ओळखते.
चांगलंच आहे. कुणीतरी आपल्यासाठी विमान सोडावं.
ह्यांनी एकदा माझ्यासाठी नाटकाचा पहिला अंक सोडला होता. चप्पल तुटली होती माझी. ते आज आठवलं, दिवसभर पुरलं.

९ मार्च, रविवार
ताटं ३. मी, शुभा, अनिलराव. यापुढे नावं लिहीत जाणार आहे.
मीच बोलावलं. अनिलरावांना म्हटलं, "जेवायला थांबा." रविवारी हे पहिल्यांदा. ते खिडकीशी बसले नाहीत, मी सांगायच्या आधीच भिंतीकडे पाट ओढला.
कागदाचं अजून काही नाही. शुभाचा फोन ताटाशेजारी उपडा. दोनदा वाजला. एकदा गॅसवाला, एकदा मुक्ता. मुक्ताला डॉक्टरांनी तारीख अलीकडची दिलीय. शुभा घास हातात घेऊन तसाच धरून बसली होती. अनिलराव म्हणाले, "जेव गं, पोचू." कसं ते बोलले नाहीत.
उसळ छान झाली, म्हणाले दोघं.
"ताई, आज कढीपत्ता विसरलीस?"
"संपला होता."
"गॅलरीत कुंडी भरून तर आहे."
मी ताक वाढलं. अनिलरावांचा हात सवयीने एकदा तिच्या ताटाकडे गेला. तिथे निवडायला काही नव्हतं. थोडा वेळ तसाच राहिला, मग तिच्या बोटांवर टेकला.
मी खिडकीकडे बघत बसले.